असू दे, लागेल कधीतरी

२०१४ साली पुण्यात प्रोग्रॅमर मंडळींच्या एका मेळाव्यात माइक हातात धरून मी सांगितलं होतं, की लोकांच्या मागणीला ‘नाही’ म्हणणारा मेंटेनर एकतर आळशी असतो, नाहीतर शिष्ट. टाळ्या पडल्या. नंतर चहाच्या वेळी दोन-तीन पोरं येऊन भेटली. त्यांतल्या एकाने ते वाक्य वहीत उतरवून घेतलं होतं. तो मुलगा आज कुठे आहे कोण जाणे. भेटला तर ते पान फाडून टाक म्हणून सांगायचंय.

मेंटेनर म्हणजे ओपन सोर्स लायब्ररीचा सांभाळ करणारा, आणि लायब्ररी म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडून वापरायचा तयार कोड. माझी लायब्ररी वेबसाइटवरचे फॉर्म तपासायची. नावाचा रकाना रिकामा नाही ना, ईमेल ईमेलसारखा दिसतोय ना, मोबाईल नंबर पुरा आहे ना, ते बघायचं. चुकलं असेल तर रकान्याखाली लाल अक्षरांत सूचना द्यायची. फुकट घ्या, उघडून बघा, हवा तसा बदला.

ती लिहिली २०१२ मध्ये, गरजेपोटी. नोकरीच्या ठिकाणी एका ग्राहकाच्या साइटवर वीसेक फॉर्म होते आणि प्रत्येकाची तपासणी कुणीतरी आपापल्या पद्धतीने लिहून ठेवली होती. इंटरनेट एक्सप्लोरर ८ अजून जिवंत होता आणि ‘हा रकाना भरलाच पाहिजे’ हे एचटीएमएलमध्येच लिहायची जी नवी सोय आली होती, तिचा त्याला गंधही नव्हता. दोन शनिवार-रविवार बसून मी दोनशे ओळींची एक फाइल लिहिली, गिटहबवर टाकली आणि विसरून गेलो.

मग एका सकाळी ब्राझीलमधल्या कुणा अनोळखी माणसाची पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा हा कोड तुमच्यात घ्या’ अशी विनंती, आली. तिकडे करदात्याला सीपीएफ नावाचा ११ आकडी क्रमांक असतो आणि त्यातले शेवटचे दोन आकडे आधीच्या आकड्यांवरून हिशेबाने निघतात. त्या गृहस्थाने तो हिशेब नीटनेटका लिहून, चाचण्यांसकट, मला पाठवला होता. माझी दोनशे ओळींची फाइल साता समुद्रापार कुणी वापरतंय! बायकोला झोपेतून उठवून सांगितलं. पाच मिनिटांत तो कोड आत घेतला.

त्यानंतर रांगच लागली. कुणी पॅनची तपासणी पाठवली: पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. कुणी आयएफएससीची पाठवली, त्यात पाचवं चिन्ह शून्यच असावं लागतं. नेदरलंड्सचा पोस्टकोड आला. आधारच्या शेवटच्या आकड्याचं व्हेरहोफ गणित आलं. कुणाला चूक रकान्याच्या वर दाखवायची होती, कुणाला उजवीकडे, कुणाला सगळ्या चुका गोळा करून फॉर्मच्या माथ्यावर. प्रत्येकासाठी एक ऑप्शन. आमच्या घरी कुठलीही वस्तू टाकायची वेळ आली की आई ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून ती माळ्यावर चढवायची. श्रीखंडाचे रिकामे डबे, स्टोव्हच्या पिना, पाठकोऱ्या लग्नपत्रिका. मी कॉलेजात असताना त्या माळ्याची भरपूर टिंगल केली होती, आणि आता गिटहबवर हौसेने तोच बांधत होतो.

तत्त्व वगैरे नंतर सुचलं. ‘लोकांसाठी खुलं ठेवलंय तर लोकांना हवं ते असायला हवं’ हे मी मेळाव्यात बोललो खरा, पण ‘हो’ म्हणण्यात सुख होतं, हे त्यामागचं कारण. ‘हो’ म्हटलं की समोरचा आभार मानतो, तुमच्या नावापुढे एक तारा वाढतो. ‘नाही’ म्हटलं की दोन परिच्छेद स्पष्टीकरण लिहा, त्यावर त्याचे चार परिच्छेद वाचा, आणि वर शिष्ट ठरा. म्हणजे आळशी कोण होता ते बघा.

हा आळस महागात पडतो कसा, ते एका गणिताने समजतं. हो-नाही स्वरूपाचे दहा ऑप्शन असतील तर लायब्ररी १,०२४ निरनिराळ्या प्रकारे चालवता येते. वीस असतील तर १०,४८,५७६ प्रकारे. माझ्याकडे बेचाळीस होते. त्यांतल्या किती जोड्या मी कधी एकत्र चालवून पाहिल्या होत्या? ‘मोकळ्या जागा काढून टाका’ आणि ‘लिहिता लिहिताच तपासा’ हे दोन एकदम चालू केले, तर आडनाव लिहिण्यासाठी स्पेस दाबली की ती लगेच गायब व्हायची. ‘सचिनपाटील’. हा बग दोघांचाही नव्हता, त्या दोघांच्या संसाराचा होता. असे संसार किती असतील याची मोजदादच नव्हती.

आणि एकदा आत घेतलेलं बाहेर जात नाही. एका ऑप्शनच्या नावात मी स्पेलिंग चुकवलं होतं. वर्षभराने सुधारलं, तर तिसऱ्याच दिवशी तक्रार: आमचा फॉर्म बंद पडला. निमूटपणे चुकीचं नाव परत आणलं, आणि बरोबर नावही ठेवलं. यात मी एकटा नाही, एवढंच समाधान. वेब ज्यावर चालतं त्या एचटीटीपीमध्ये ‘रेफरर’ या शब्दातला एक आर १९९० च्या दशकात गळाला, तो आजतागायत गळालेलाच आहे. मोठ्यांची गोष्ट तर याहून गमतीची. मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीने जावास्क्रिप्टच्या मूळ याद्यांनाच ‘फ्लॅटन’ नावाची स्वतःची एक सोय चिकटवून ठेवली होती. पुढे खुद्द भाषेत त्या नावाची सोय आणायचं ठरलं आणि २०१८ मध्ये फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ती येताच मूटूल्सवर उभी असलेली एक जुनी साइट मोडली. नाव ‘स्मूश’ ठेवू या, अशी थट्टेतली सूचनाही होऊन गेली. अखेर भाषेने माघार घेतली. २०१९ पासून ती सोय ‘फ्लॅट’ या नावाने नांदते आहे. कुणीतरी सोयीचं म्हणून एक नाव जोडलं, आणि बऱ्याच वर्षांनी अख्ख्या भाषेला आडवाटेने जावं लागलं.

माझ्या माळ्यावरचं सामानही असंच अंगावर यायला लागलं होतं. ब्राझीलच्याच कुणीतरी मोबाईल नंबरचा नियम दिला होता, आठ आकडी. पण तिकडे २०१२ पासून मोबाईल क्रमांकांच्या आधी ९ जोडायला सुरुवात झाली होती. साव पावलोपासून सुरू होऊन २०१६ पर्यंत ते देशभर झालं. नियम देणाऱ्याच्या भागात तोवर आठच आकडे असणार. पुढे ते नऊ झाले आणि माझी लायब्ररी धडधाकट नंबर परत पाठवू लागली. मला कळायला पाच महिने लागले, आणि तेही कुणीतरी शिव्या घातल्यावर. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात तीन जणांनी १५ चिन्हांच्या क्रमांकाचा तगादा लावला. मी पुण्यात बसून चार-पाच देशांचे कायदेकानू सांभाळत होतो, रात्री साडेदहानंतर, पोराचा गृहपाठ झाल्यावर.

थकलो होतो. २०१८ च्या शेवटी इव्हेंट-स्ट्रीमचं प्रकरण झालं तेव्हा मी बाकीच्यांसारखा हसलो नाही. त्या लायब्ररीच्या लेखकाला तिच्यात रस उरला नव्हता. मदतीला आलेल्या एका अनोळखी माणसाच्या हाती त्याने ती सोपवली आणि त्या माणसाने आत बिटकॉइनच्या पाकिटांवर डोळा ठेवणारा कोड घुसवला. लोक म्हणाले, केवढा बेजबाबदार! माझ्या इनबॉक्समध्ये तेव्हा तशाच एका भल्या वाटणाऱ्या माणसाचा ‘मी सांभाळू का?’ असा निरोप पडून होता, आणि उत्तर म्हणून मी ‘हो’ टाइप करून ठेवलं होतं. फक्त पाठवलं नव्हतं.

तरीही मत बदललं ते या कशामुळे नाही. बदललं आत्यामुळे.

२०१९ च्या जूनमध्ये सांगलीला आत्याकडे गेलो होतो. आत्या सत्तरीच्या पुढची, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. आपले फॉर्म आपण भरायचे हा तिचा बाणा. कुठल्याशा संस्थेचा मराठी फॉर्म फोनवर भरत बसली होती. मला हाक मारली.

“अरे, हे काय म्हणतंय बघ जरा. फक्त अंक टाका म्हणे. अंकच टाकलेत की मी!”

बघितलं. मोबाईल नंबरच्या रकान्यात मराठी कीबोर्डवरून टाकलेले दहा ठसठशीत देवनागरी आकडे. त्याखाली लाल अक्षरांत: ‘कृपया फक्त अंक टाका.’

ते वाक्य माझं होतं. मराठी सूचनांची फाइल मी स्वतः, कौतुकाने, लिहिली होती. ‘कृपया’ घालायचं की नाही यावर बायकोशी वाद घातला होता. आत्याला त्यातलं काही सांगितलं नाही. कीबोर्ड इंग्रजी कर, एवढंच म्हणालो.

“फॉर्म मराठीत, ओरडतोय मराठीत, आणि आकडे तेवढे इंग्रजीत? कुणी केलंय रे हे?”

मी पोह्यांच्या बशीत तोंड घातलं.

तांत्रिक बाजू सांगतो, थोडक्यात. जावास्क्रिप्टमध्ये ‘अंक’ ओळखायची एक आखूड खूण आहे, बॅकस्लॅश डी. तिच्या लेखी अंक म्हणजे इंग्रजी शून्य ते नऊ, बस्स. ‘१२’ या मजकुराची संख्या कर म्हटलं तर ही भाषा ‘ही संख्याच नव्हे’ असं उत्तर देते. गंमत म्हणजे तीच भाषा मराठीत संख्या छापायला सांगितली तर १,२३,४५६ असं लाखाच्या स्वल्पविरामासकट लिहून दाखवते. लिहिता येतं, वाचता येत नाही. उपायही अवघड नाही. देवनागरीतले शून्य ते नऊ युनिकोडच्या तक्त्यात ओळीने बसलेले आहेत. प्रत्येकाच्या कोडांकातून एक ठरावीक संख्या वजा केली की इंग्रजी आकडा हाती येतो. चार ओळी.

त्या रात्री सांगलीतच लॅपटॉप उघडला. सवयीने हात कुठे गेला? त्रेचाळिसावा ऑप्शन लिहायला. ‘देवनागरी आकडे चालतील का’, आणि जुन्या लोकांचं काही मोडू नये म्हणून मुळात बंद. लिहून झाल्यावर लक्षात आलं, की आत्याचा तो फॉर्म ज्या कुणी बनवलाय तो हा ऑप्शन जन्मात चालू करणार नाही. बेचाळिसांची यादीच त्याने वाचलेली नसणार. मी तरी कुठे वाचली होती अलीकडे!

मग ऑप्शन काढला आणि ते चार ओळींचं काम मुळातच करायचं ठरवलं. पाच दिवस लागले. कारण अंक तपासायची जागा एक नव्हतीच, अकरा होत्या. पॅनवाल्याने आपली लिहिली होती, आधारवाल्याने आपली, पोस्टकोडवाल्याने आपली, आणि दरवेळी मी ‘छान!’ म्हणून आत घेतली होती. शोधाशोध करताना जुन्या तक्रारींत एक सापडली. २०१७ ची, नेपाळमधून. तिकडे रोजच्या व्यवहारात देवनागरी आकडे चालतात. त्या माणसाने नेमकं हेच लिहिलं होतं, स्वच्छ, उदाहरणासकट. खाली माझं उत्तर: ‘चांगला मुद्दा, लवकरच बघतो.’ त्यानंतर दोन वर्षांत सूचनेचा लाल रंग बदलता यावा म्हणून मी तीन ऑप्शन घेतले होते.

तोवर माझी समजूत अशी होती, की लायब्ररी लहान ठेवणं म्हणजे कंजूषपणा. कुणाच्या तरी पानातलं काढून घेणं. ती समजूत त्या नेपाळी तक्रारीखालचं स्वतःचंच उत्तर वाचताना गेली. माझ्या मोठ्या मनाने डच पोस्टकोडला जागा दिली होती आणि सांगलीतल्या मराठी मास्तरणीचा फोन नंबर दाराबाहेर उभा केला होता. प्रत्येक ‘हो’ कुणाच्या तरी रांगेत पुढे घुसत होता. रांगेत मागे कोण उभं आहे ते मला दिसत नव्हतं, कारण रांग मीच लांबवली होती.

२०२० मध्ये घरात अडकलो तेव्हा माळा उतरवला. देशोदेशींचे नियम बाहेर काढून त्यांचं वेगळं गाठोडं केलं आणि त्यावर स्पष्ट लिहिलं, की हे मी यापुढे सांभाळणार नाही. ज्याला हवं त्याने न्यावं. रिकामा रकाना, ईमेलचा नमुना वगैरे तपासायला ब्राउझर आता स्वतः समर्थ झाले होते, म्हणून ते काम त्यांच्यावर सोडलं. राहिलं काय? चूक कधी आणि कुठे दाखवायची, आकडे कुठल्या लिपीतले हे न विचारता वाचायचे, आणि एक मोकळं दार: तुमचं फंक्शन द्या, ते रकान्यातला मजकूर घेईल आणि काही चुकलं असेल तर सूचनेचं वाक्य परत करेल. तुमचं सीपीएफ, तुमचा जीएसटी, सगळं त्या दारातून. ऑप्शन चार. एका बैठकीत, चहा गार व्हायच्या आत, वाचून होईल एवढी फाइल.

लहान झाल्यावर दिसायलाही लागलं. लांबी मोजायचा भाग नव्याने लिहिताना सहज ‘ज्ञानेश्वर’ टाकून पाहिलं. आपल्याला हा चार अक्षरांचा शब्द. जावास्क्रिप्ट म्हणतं लांबी १०, कारण ते हलन्त, काना, मात्रा सुटे मोजतं. म्हणजे ‘नाव जास्तीत जास्त वीस अक्षरं’ असं लिहिणारा बापडा मराठी माणसाला निम्मीही जागा देत नाही. आठ वर्षांत हे माझ्या नजरेला आलं नव्हतं. आता ते रीडमीच्या पहिल्या पानावर आहे.

लोक चिडले. एकाने ‘विश्वासघात’ हा शब्द वापरला, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही वापरला असता. जेक्वेरीने जानेवारी २०१३ मध्ये १.९ आवृत्तीत बऱ्याच जुन्या सोयी काढल्या तेव्हा जुना कोड चालत राहावा म्हणून एक वेगळी पुरवणी दिली होती. मीही तशी दिली, पण जेक्वेरीमागे मंडळी होती, माझ्यामागे मीच. पुरवणीत दोन बग निघाले. काहीजण दुसऱ्या लायब्ररीकडे गेले ते परत आले नाहीत. पॅनवाल्याने ते गाठोडं आनंदाने उचललं आणि माझ्यापेक्षा चांगलं चालवलंय. ब्राझीलच्या त्या पहिल्या गृहस्थाला मी आधी लांबलचक पत्र लिहिलं होतं: तुमचा कोड चांगला होता, मी तो घ्यायला नको होता, दोष माझा. उत्तर आलं नाही. ते मला अजून लागतं.

लहान म्हणजे चांगलंच, असं सांगायला मी आलेलो नाही. लेफ्ट-पॅड नावाचं एक पॅकेज अकरा ओळींचं होतं. मार्च २०१६ मध्ये लेखकाने रागाच्या भरात ते एनपीएमवरून, म्हणजे जावास्क्रिप्ट लायब्रऱ्यांच्या सामायिक कोठारातून, काढून घेतलं आणि जगभरच्या लोकांचे प्रोजेक्ट बिल्ड होईनात, कारण बेबेलसारखी मोठी अवजारंसुद्धा त्यावर टेकलेली होती. मजकुराच्या डावीकडे जागा भरायची, एवढंच त्याचं काम. पुढच्याच वर्षी ती सोय जावास्क्रिप्टमध्येच आली. तेव्हा ओळी मोजणाऱ्यांचा मी भक्त नाही. आकार किलोबाइटमध्ये मोजून मिरवणाऱ्यांचाही नाही. असा मिरवलेला कोड कित्येकदा लिहिणाऱ्यालाच वाचता येत नाही. आणि ‘आम्ही लहान राहतो’ हे वाक्य ढाल म्हणूनही वापरलं जातं. २०१७ मध्ये मी आजच्याइतका कडक असतो, तर त्या नेपाळी माणसाला ‘हे तुमचं तुम्ही बाहेर लिहा’ असं सुनावून मोकळा झालो असतो, आणि तेही तितकंच चुकलं असतं. आत काय हवं हे ठरवायला फॉर्म कोण भरतंय ते बघावं लागतं. ते मला सांगलीला जाऊन कळलं, तेही योगायोगाने.

हल्ली मागणी आली की मी एक दिवस थांबतो. दहा ओळींत बाहेरून करता येण्यासारखं असेल, तर त्या दहा ओळी स्वतः लिहून देतो आणि ‘आत घेत नाही’ असं सांगतो. बहुतेकांचं भागतं. काहींना मी शिष्ट वाटतो.

एक विनंती. तुमच्या साइटवर मोबाईल नंबरचा रकाना असेल तर आज त्यात देवनागरी आकडे टाकून बघा, लायब्ररी कुणाचीही असो.

गेल्या दिवाळीत सांगलीला गेलो तेव्हा तो फॉर्म मी माझ्या फोनवर पुन्हा उघडून पाहिला. अजून माझी जुनीच आवृत्ती, बेचाळीस ऑप्शनवाली. दहा देवनागरी आकडे टाकले. ‘कृपया फक्त अंक टाका.’ आत्या आता आकडे टाकायच्या आधी कीबोर्ड इंग्रजी करते.